कंस मागेच राहिला

संगणकातलं मला सगळं कळतं, असं मी त्या सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत असे!

आमच्या ग्रंथालयाच्या सभासदांची यादी एक्सएमएल नावाच्या, खुणांनी खचाखच भरलेल्या फाइलीत असते. तिच्यातून नेमकं हवं ते नाव काढायला एक सूत्र लिहावं लागतं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "एक सभासद आजोबा वारलेत. त्यांच्या घरी शोकपत्र मेल करा. पण सूत्र आधी तपासून बघा हं!"

"बाई, डाव्या हाताचा मळ!"

ब्राउझरमध्ये सूत्र लिहिलं. आधी 'सभासद', मग कंसात अट: 'मयत असलेले'. पहिल्यांदा उत्तर आलं शून्य. दुसऱ्यांदा लाल अक्षरांत खरडपट्टी! चौदाव्या खेपेला एकच नाव उजळलं. आजोबांचंच! मी सूत्र उचललं, पत्रं पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवलं, बटण दाबलं आणि ऐटीत चहाला गेलो.

पहिला घोट घेतोय तोच सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, मी वारले?"

"काय?"

"ग्रंथालयाचं पत्र आलंय. 'आपल्या घरातील सभासदाच्या निधनाने तीव्र दुःख झाले. त्यांच्याकडील पुस्तके सवडीने परत करावीत.' खाली तुमचं नाव! दुःख खरंच तीव्र झालं का हो?"

कप तसाच ठेवला. धावत येऊन बघतो तर काय, सूत्र उचलताना कंस मागेच राहिला होता! अट गेली, उरले नुसते सभासद. एका बटणात मी चौदाशे माणसं ढगात पाठवली होती!

दारात ग्रंथपालबाई उभ्या. त्याही सभासदच!

"आमच्या ह्यांचा फोन होता. हुंदके देत होते. तपासलं होतंत ना?"

"ब्राउझरमध्ये बरोबर चाललं होतं हो!"

"आता एकेकाला फोन करून माफी मागा. नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

बसलो फोन करत. कुणी शिव्या घातल्या, कुणाची बहीण रडत गाडीत बसली होती, तिला अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. त्रेसष्टाव्या फोनला एक म्हातारे काका निघाले. घरात एकटेच.

"काका, आमची चूक झाली. तुम्ही जिवंत आहात!"



"नक्की ना?" ते म्हणाले. "नाही, महिनाभरात कुणाचा फोन नाही, म्हणून मलाही पटलं होतं. बस जरा. बोल काहीतरी."

'ठेवतो' म्हणायला जीभ रेटेना. दोन तास झाले, काका अजून फोनवरच आहेत. आणि बाकीचे तेराशे जण अजून मयतच!