जावाच्या इंजिनाची छाप

“बन्सी, आधी ऐक. हात मागून लाव.”

बन्सीच्या वडिलांचा, अण्णांचा हा आवाज अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा. अण्णा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बोरीकडच्या गावांत गुरांना सुया टोचून दिवेलागणीला घरी यायचे, तेव्हा आधी त्यांच्या जावा मोटारसायकलचा आवाज यायचा. ठप ठप ठप, जात्यावर बसलेल्या बाईच्या गळ्यासारखा, एका लयीत, थोडा दमलेला. मग वळणावर धूर, आणि धुरातून अण्णा. नऊ वर्षांचा बन्सी ओट्यावर कान देऊन बसलेला असायचा.

अण्णांना जाऊन सदतीस वर्षं झाली. गाडी राहिली. भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेले बन्सीधरराव रोज सकाळी ती अंगणात सुरू करायचे आणि चहाचा कप घेऊन शेजारी पाटावर बसायचे. कुठं जायचं नसायचं. पाच मिनिटं अण्णा आल्यासारखं वाटायचं, इतकंच. त्या वेळी त्यांची बायको धुरपताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराला हात पुसत राहायची. हात कोरडे असले तरी.

परभणीतल्या जुन्या मोटारसायकलवाल्यांचं मंडळ बन्सीधररावांनीच काढलेलं. अकरा माणसं, तेरा गाड्या आणि धड वाकणारे गुडघे आठ-नऊ. दर जानेवारीत परभणी ते सेलू रॅली, वाटेत पेडगावला चहा. रॅलीच्या आदल्या दिवशी तपासणी, आणि तपासणीला बन्सीधरराव. इंजिनावर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेली छाप आर.सी. बुकातल्या नंबराशी ताडून बघायची. जुळली तर गाडी रांगेत, नाही जुळली तर मालक पायी. दुसऱ्याचं काळीज बसवलेल्या गाडीला आपण जुनी म्हणत नाही, असं ते सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज असा जड व्हायचा, की समोरच्याला स्वतःच्याच छातीवर हात ठेवून बघावंसं वाटायचं.

मागच्या वर्षी निवृत्त शिक्षक सिद्धोधन सरांच्या गाडीचे शेवटचे दोन आकडे जुळले नव्हते. सर वाद न घालता खरोखर पेडगावपर्यंत पायी गेले, सगळ्यांबरोबर चहा प्यायले आणि एसटीनं परत आले. त्यानंतर वर्षभर धुंडाळून त्यांनी गाडीचं मूळ इंजिन मिळवलं. यंदा छाप जुळली. तो कागद घडी करून खिशात ठेवताना सर अगदी मवाळपणे म्हणाले, “बन्सीधरराव, एक ऱ्हायली की. तुमची.”

बन्सीधरराव हसले. बापाचं ओळखपत्र कोणी मागतं का? सरकारी कामासाठी छाप लागली, तर त्यांचा मेकॅनिक आणि लंगोटीयार महारुद्र ती परस्पर घेऊन यायचा. तरी नियम तो नियम. ते वाकले, त्यांनी कागद धरला, पेन्सिल घासली आणि बुक उघडलं.

एकही आकडा जुळेना. पेन्सिल बोथट असेल म्हणून टोक काढलं. चष्मा धुतला. इंजिन रॉकेलनं पुसलं. पाचव्या छापेनंतर बाकीची दहा माणसं गाडीभोवती अशी गोल उभी राहिली, की रस्त्यानं जाणाऱ्या एकानं टोपी काढून हातात घेतली.

महारुद्रला फोन लावला. तो म्हणाला, रेंज नाही, काही ऐकू येत नाही. त्याच्या मागं हातोड्याचे घाव मात्र स्पष्ट ऐकू येत होते. दुसऱ्यांदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनं सांगितलं, ते तुळजापूरला गेलेत. तिच्या शेजारी कोणीतरी महारुद्रसारखंच खोकलं. पण बन्सीधररावांच्या मनात संशय शिरला नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट मावत होती. अण्णांचं इंजिन कोणीतरी चोरून नेलं होतं, आणि ते कोणाच्या तरी गाडीत अनोळखी रस्त्यानं ठप ठप करत चाललं असेल. ते त्याच गाडीवर बसून पोलीस ठाण्यात गेले.

“काय गेलं?” जमादारांनी विचारलं.

“इंजिन.”

“कधी?”

“ते ठाव न्हाई. कळलं आज.”

जमादारांनी खिडकीतून गाडीकडं बघितलं. “आत्ता ह्याच गाडीवर आलाव ना तुमी? इंजिनासगट?”

“आलो. पण हे माझं न्हाई.”

“म्हंजी दुसऱ्याचं इंजिन तुमच्यापाशी हाय.” माणूस वयानं मोठा होता, म्हणून जमादार जपून बोलले. “काका, तुमी तक्रार द्यायला आलाव का हजर व्हायला?”

गाडी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली साखळीनं बांधली गेली. बन्सीधरराव पायी घरी आले. ताटावर बसले, पण घास उचलला नाही. इतकी वर्षं सकाळी कोणाच्या बापासोबत चहा प्यालो, हेच आपल्याला माहीत नाही, असं ते भाजीकडं बघून म्हणाले. धुरपताबाईनं ताटात अजून एक भाकरी वाढली. आधीची तशीच होती.

रविवारी सकाळी रॅलीला झेंडा त्यांनीच दाखवला. एकामागून एक दहा गाड्या धूर सोडत निघून गेल्या, आणि मंडळाचा अध्यक्ष हातातला झेंडा गुंडाळत धुरात उभा राहिला. मग ते ठाण्यात गेले आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे गाडीजवळच्या बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं रांगेतून मागं फिरून सिद्धोधन सर आले. त्यांनी आपल्या गाडीची मागची सीट रुमालानं पुसली आणि बसा म्हणाले. बन्सीधररावांनी मान हलवली. नियम त्यांनीच केलेला होता.

“मग पायी या निवांत,” सर म्हणाले. “मी गेल्तो मागच्या साली. रस्ता चांगला हाय. पेडगावच्या अलीकडं सावली बी हाय जरा.”

सरांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. सर निघून गेले.

दहाच्या सुमारास ठाण्याच्या दारात ऑटो थांबला. आधी महारुद्र उतरला, पोटाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड धरून. त्याच्या मागून धुरपताबाई उतरली. महारुद्रनं गोणपाट जमादारांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल करकरलं. आत इंजिन होतं, गंजलेलं, मुकं. जमादारांनी स्वतः छाप घेतली आणि बुकाशी ताडली. सगळे आकडे जुळले.

मग महारुद्रनं खाली बघत सगळं सांगितलं. एक्क्याण्णवच्या खानेसुमारीची ड्यूटी लागून बन्सीधरराव महिनाभर बाहेर होते. त्या दिवसांत बोरीच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. जावाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, ते राहिलं होतं. गाडी बैलगाडीत कडब्याखाली झाकून गॅरेजात आणली. इंजिन काही उघडेना, म्हणून तसाच आवाज शोधायला भंगारातल्या तीन जावा आणून सुरू केल्या. धुरपताबाई गॅरेजातल्या डब्यावर बसून डोळे मिटून एकेक ऐकत होती. पहिलं लय घाई करतंय म्हणाली. दुसरं खोटं हसल्यासारखं वाजतंय म्हणाली. तिसऱ्याला तिनं नुसती मान डोलावली, आणि तेच बसवलं. जुनं इंजिन महारुद्रनं जपून ठेवलं. सरकारी कागदांसाठी छाप त्याच्यावरूनच घेतली जायची. इंजिन विकल्याची भंगारवाल्याची चिठ्ठी धुरपताबाईनं कमरेच्या पिशवीतून काढून जमादारांपुढं ठेवली. जमादारांनी ती दोनदा वाचली आणि सुटका झाल्यासारखा श्वास सोडला.

बन्सीधररावांना त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं होतं. ते उठले.

“तेल न घालता अण्णांची गाडी चालवलीस? मेकॅनिक असून?” ते महारुद्रला म्हणाले. “आन् पुन्हा रोज माझ्या दारात येऊन चहा प्यालास. आजपासून पाऊल ठेवू नको तिथं.”

महारुद्रनं गोणपाटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग तो दाराकडं वळला.

“त्याला कशाला बोलता?” धुरपताबाई म्हणाली. “तो न्हवताच गाडीवर.”

“मग कोण होतं?”

लिंबाची दोन पिवळी पानं सीटवर पडली होती. धुरपताबाई तिथवर चालत गेली आणि तिनं ती उचलली.

“मी.”

जमादारांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“रोज जेवताना क्लच आन् गेरचंच सांगायचाव तुमी,” ती म्हणाली. “ऐकून ऐकून शिकले. तेलाचं तेवढं कधी बोलला न्हाईत. टाकीतलं सरलं, मी आपलं पंपावरून नुसतं पेट्रोल टाकून आणलं.”

“म्हंजी... त्या एकाच दिवशी?” बन्सीधररावांनी विचारलं.

“आठ दिवस.” तिचा हात अजून सीटवरच होता. “तुमचा सदरा घालायची, मफलर बांधायची तोंडाला. बोरीपस्तोर जायची आन् फिरून यायची. काम काई नसायचं.” मग ती त्यांच्याकडं बघून म्हणाली, “लय बरं वाटायचं.”