मंद आचेवरचा काढा

लिफ्टचं दार उघडलं की आतल्यांना हात जोडून "तुम्ही व्हा पुढे" म्हणणारा सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकमधला एकमेव माणूस म्हणजे शेजारचे दातारकाका. लिफ्ट अर्धी रिकामी असली तरी! एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, दारं उघडून समोर उभी असली तरी हा गृहस्थ पळायचा नाही. "घाई कुणाला आहे?" हे पालुपद. म्हणे बोटीवर इंजिनियर होते. ती बोट बंदराला कधी लागायची, देव जाणे.

तर या माणसाला वजन उतरवायचं होतं. त्यांच्या बायकोचं, शोभाकाकूंचं, डायालिसिस सुरू झालं आणि काका त्यांना किडनी द्यायला निघाले. हॉस्पिटलने सांगितलं, आधी बारा किलो कमी करा, मग तपासण्या. काका जिमला जातील? छे! ते गेले तोआ पायोह भागातल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडे. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, मुळ्या-सालींच्या पुड्या बांधल्या आणि इथल्या सिंगापुरी ढंगात बजावलं, "रोज एकच. मातीच्या भांड्यात, मंद आचेवर, तीन वाट्या पाण्याची एक वाटी करायची. वर्ष लागेल. स्लो स्लो, लाह."

काका खूश. "बघ, भेटला शेवटी माझ्या जातकुळीचा!"

मग काय, मजलाभर ओल्या गोणपाटाचा वास. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, या वेगाने काकूंना किडनी पुढच्या जन्मी मिळेल."

"घाई कुणाला आहे?" ते हसले. मला त्यांचा मनापासून राग आला.

पुढे त्यांच्याकडून भलत्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या आणि पाठोपाठ तोच वास. मला वाटलं, मातीचं भांडं फुटलं असेल. तेव्हाच विचारायला हवं होतं.

वजन भराभर उतरलं. परवा तपासणीचे रिपोर्ट आले. तेव्हा कळलं, काका दिवसाला तीन-तीन पुड्या उकळत होते. संपल्या की "प्रवासाला निघालोय" अशी थाप मारून वैद्याकडून नव्या आणायचे. डॉक्टर म्हणाले, यांच्याच किडन्या बिघडल्यात, आता यांची किडनी घेता येणार नाही. आणि देणारं दुसरं कुणीच नाही.

मी गेलो तेव्हा काकू आत झोपल्या होत्या. काका घासलेलाच कुकर पुन्हा घासत होते.

"काका, अहो, तुम्ही घाई केलीत? तुम्ही?"

त्यांनी नळ सोडून कुकर त्याखाली धरला. मग हळूच म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी डायालिसिसहून येताना ती म्हणाली, आता सोसवत नाही, लवकर काय ते होऊ दे. मी सवयीने म्हटलं, घाई कुणाला आहे? तर म्हणाली, मला."

नळ वाहतच होता.

"मग मी पळालो रे."