ऐंशी किलोचा ठराव

सयाजीचं वजन मंगळवारी सकाळी एक्क्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम भरलं आणि प्रयागबाईनं ते मोठ्यानं वाचलं. त्यात तिचा दुष्टपणा काही नव्हता. वाडीतलं रेशनचं दुकान ती चालवते. मापात मारल्याचा आळ नको म्हणून काट्यावरचा प्रत्येक आकडा ओरडून सांगायची तिला वीस वर्षांची सवय. मग गहू असो, तांदूळ असो, की सयाजी. रांगेतल्या सात बायकांनी आकडा ऐकला, म्हणजे तो दुपारपर्यंत पोलादपूरला पोचणार हे नक्की झालं.

"अकरा दिसांत दोन किलो चारशे वाढलास, रे," ती म्हणाली. "आन् म्हनं व्यायाम करतो."

दुसऱ्या कुणाचं असतं तर वाडीनं हसून सोडून दिलं असतं. पण ऐंशी किलोचा नियम सयाजीनंच केलेला होता.

दर मे महिन्यात पूजेला मुंबईकर येतात आणि पूजेच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या पुरुषांची कबड्डी होते, गाव विरुद्ध मुंबई. चार वर्षं गाव हरत होतं आणि हरायचं कारण एकच होतं, मुंबईकडून खेळणारा सयाजीचा चुलतभाऊ श्रीपत. वजन शहाण्णव किलो. त्याला खेळ फारसा येत नव्हता. तो घोटा धरायचा आणि वर बसायचा. पंचाची शिट्टी वाजून गेली तरी त्याला उठायला वेळ लागायचा, आणि खाली बहुतेक वेळा सयाजी असायचा.

सयाजी महाडला एका शाळेत कारकून आणि गावच्या मंडळाचा सचिव. कागद त्याच्या हातात. गेल्या वर्षी त्यानं ठराव लिहिला की खेळाडूंच्या आरोग्याचा विचार करता ऐंशी किलोवरच्या कुणालाही खेळता येणार नाही. वाडीच्या रस्त्याचा ठराव नऊ वर्षं पडून आहे. हा ठराव मात्र चहा निवायच्या आत मंजूर झाला. स्वतःचं एकोणऐंशी किलो दोनशे ग्रॅम मोजून घेऊनच त्यानं ऐंशीवर रेघ मारली होती, आणि त्यात आरोग्य हा शब्द घालताना त्याला लाजसुद्धा वाटली नाही.

वाट मोकळी झाली. पण सामना महिन्यावर आला तेव्हा पाण्याच्या टाकीपर्यंत चढताना सयाजीला दोनदा बसावं लागलं. शेहेचाळिसाव्या वर्षी चढाई करायची तर दम हवा. म्हणून त्यानं समीक्षाला फोन केला. समीक्षा श्रीपतचीच मुलगी, मुंबईत व्यायाम शिकवते. शत्रूच्या घरातून सल्ला मागायचा म्हणून तो आधी म्हणाला की तुझ्या बापाला सांगू नको. तिनं शब्द दिला आणि यादी पाठवली: बैठका, जोर, चढावर धावणं. सयाजीनं यादी दुप्पट केली. सरकारी कागदात तो कधी अक्षर इकडचं तिकडे करत नाही, पण शरीराच्या बाबतीत आपल्या पुरुषांना दुसऱ्याचं ऐकण्यात कमीपणा वाटतो.

मग काटा चढायला लागला. राजश्रीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकच निष्कर्ष काढला. नवरा महाडला बाहेर खातो. तिनं डब्यातली भाकरी चारवरून दोनवर आणली, आणि शाळेजवळच्या वडेवाल्याला फोन करून विचारलं की तो किती खातो. वडेवाल्यानं खरं सांगितलं की महिन्यात आलाच नाही. त्यावर ती म्हणाली की म्हणजे दुसरीकडे खातो.

"अवो, खरं सांगा. मी रागवायची नाय."

"काय खाल्लं नाय गो," तो म्हणाला. हे तो उपाशी पोटी सांगत होता, त्यामुळे आवाजच निघेना.

मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. नियम थोडा सैल करू, असं कुणीतरी सुचवलं. पण सैल केला तर श्रीपतही आत येणार. तेव्हा सचिवानं स्वतःच नियम कायम ठेवायला हात वर केला, आणि घरी येऊन पुन्हा समीक्षाला फोन लावला.

तिला यात नवल वाटलं नाही. नव्या व्यायामानं स्नायू दुखावतात, ते पाणी धरून ठेवतात, दोन-तीन आठवड्यांत उतरतं, असं तिनं सांगितलं. "आमच्या घरात पण झालंय, काका. थांबू नका फक्त."

सयाजीनं यातला पाणी हा एकच शब्द घेतला. धरून ठेवायला पाणीच मिळालं नाही तर स्नायू धरणार काय? मे महिन्यात, महाडच्या उकाड्यात, त्यानं पाणी पिणं सोडलं. तिसऱ्या दिवशी शाळेत खुर्चीवरून उठताना त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की तो टेबलाला धरून तसाच वाकून राहिला. डॉक्टरनं सलाईन लावलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि दहा दिवस व्यायाम बंद केला.

दहा दिवस तो पडून राहिला. पाणी प्याला, आणि राजश्रीनं दया येऊन वाढलेल्या रोजच्या चार भाकऱ्या त्यानं खाल्ल्या. सामन्याच्या सकाळी प्रयागबाईनं काटा मैदानात आणला. सयाजी चढला.

"एकोणऐंशी किलो!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. व्यायाम केला की माणूस अंगानं सुटतो आणि सोडला की उतरतो, असं वाडीचं त्याच क्षणी ठरलं, आणि पहाटे धावणारे दोघे-तिघे होते त्यांनीही धावणं बंद केलं.

मग मुंबईकडून एक सडपातळ माणूस काट्यावर चढला. सयाजीला वाटलं, हा कुणाचा तरी जावई.

"श्रीपत. एकोणऐंशी किलो तीनशे!"

श्रीपत हसत खाली उतरला आणि भर मैदानात सयाजीच्या पाया पडला. म्हणाला, "दादा, तुझ्या ठरावानं माझी साखर उतरली. डॉक्टरचं ऐकलं नव्हतं मी."

सयाजीनं आशीर्वाद दिला. दुसरं करणार काय?

पहिल्याच चढाईत श्रीपतनं त्याचा घोटा धरला. आता तो हलका होता, म्हणजे वेळेवर पोचत होता. धुळीत तोंड खुपसलेल्या सयाजीच्या कानाशी तो हळूच म्हणाला, "पयल्या महिन्यात माझं पन दोन किलो वाढलं व्हतं, दादा. समी म्हनाली थांबू नको. मी नाय थांबलो."

गाव पाचव्यांदा हरलं. संध्याकाळी मांडवात सुजलेल्या घोट्यावर बर्फ धरून सयाजीनं इतिवृत्ताची वही मागवली. ठराव लिहिला की खेळाडूंच्या अनुभवाचा विचार करता पुढील वर्षापासून पंचेचाळिशीच्या आतल्या कुणालाही खेळता येणार नाही. श्रीपत चव्वेचाळीसचा होता.

प्रयागबाई काटा पुसत बसली होती. तिनं वहीत डोकावून पाहिलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं.

मग म्हणाली, "पुढल्या वर्षी तो पन पंचेचाळीसचा व्हईल, रे."