नावावर कुणाची हरकत असल्यास

येडशीच्या गुंडाप्पा हत्तुरेंचं पत्र येऊन पंधरवडा झाला, तरी मल्लिनाथराव बिराजदारांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्रात पानभर खुशाली होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'मोबाइलवर आपलं नाव शोधलं असता वरातीत नागीण होऊन नाचणारा इसम दिसतो. तो आपणच का, कळवावं. मग सुपारीचं बघू.'

त्यांच्या लेकीचं, ज्ञानेश्वरीचं स्थळ जमत आलं होतं. गुंडाप्पांचा मुलगा सुरज तिला पसंत होता. आणि लोहारा तहसीलबाहेर खरेदीखतं लिहिण्यात हयात गेलेले तिचे वडील कधी आरतीतसुद्धा डोलले नव्हते. व्हिडिओत गुलालानं कुणाचं तोंड दिसत नव्हतं. खाली नाव तेवढं ठळक.

"बाबा, 'मी न्हवं' म्हणून लिहून टाका की."

"पुराव्याबिगर? नुसत्या नकाराला किंमत न्हाय, पोरी."

"मग तुमच्या नावाचा नेटवरचा पत्ता घेऊ. मल्लिनाथ बिराजदार डॉट इन. त्यावर तुमचा फोटो, कामधंदा टाकू. नाव शोधणाऱ्याला खरे तुम्ही दिसाल. आत्ता मोकळाय, घेते."

"थांब! जाहीर प्रगटन न देता?"

प्रगटन दिल्याशिवाय त्यांनी कुणाला उकिरड्याची जागासुद्धा घेऊ दिली नव्हती. पेपरात छापून आलं, 'सदर नावाचा इंटरनेटवरील पत्ता मी घेत असून त्यावर कुणाचा वारसा, गहाण वा ताबा असल्यास आठ दिवसांत कळवावे.'

सकाळीच चुलतभाऊ शिवपुत्र हजर. "आज्ज्याचंच नाव तुला ठेवलंय न्हवं? म्हंजे वडिलोपार्जित. माझा निम्मा हिस्सा निघतो."

"नावाचा हिस्सा कसा पाडायचा?"

"तू मल्लि घे, मला नाथ दे."

दोन वेळा जेवून त्यानं हिस्सा सोडला. तोवर इरम्माआत्या काठी टेकत आल्या. "पाळण्यात तुज्या कानात नाव म्या सांगितलं. तवा तुज्या बापानं साडी कबूल केलती, ती अजून न्हाय आली. नाव माज्याकडं गहाण हाय!"

हरकत मल्लिनाथरावांना कायदेशीर वाटली. साडी आणली, आत्यांचा अंगठा घेतला, आणि मुदत संपल्यावर ते लेकीला म्हणाले, "आता घे."

"गेला, बाबा. कुणीतरी घेतला."

तेवढ्यात येरमाळ्याहून फोन आला. "काका, मीबी मल्लिनाथ बिराजदार, नाचणारा! लई उपकार झाले. नावाचा असा पत्ता मिळतो, हे तुमचं प्रगटन वाचून कळलं. अख्खा व्हिडिओ टाकलाय, बघा!"

मल्लिनाथराव डोकं धरून बसले. ज्ञानेश्वरी मात्र व्हिडिओ शेवटपर्यंत बघत राहिली. वरात थांबली तेव्हा कुरळ्या केसांच्या एका जवान पोरानं तोंडावरचा गुलाल पुसला, नागीण झालेला तोच. नागिणीपुढं रुमालाची पुंगी तोंडात धरून रस्त्यावर लोळणारा गारुडी उठला. त्यानंही त्याच रुमालानं तोंड पुसलं.

सुरज!

"मग हा बापाला का न्हाय बोलला?" मल्लिनाथराव चक्रावले.

"कुठल्या तोंडानं बोलंल?" हसता हसता तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. "पण बाबा, लोळतो झकास."

मल्लिनाथरावांनी पेन काढलं. पुरावा हाती होता. त्याच दुपारी त्यांनी स्वतः जाऊन उत्तर टपालात टाकलं:

'सदर व्हिडिओतील नागीण मी नव्हे. तिच्यापुढे लोळणारा गारुडी मात्र आपले चि. सुरज आहेत. मुलीची हरकत नाही.'