सरलॉइनचा पासपोर्ट

लग्नानंतर चौथ्या महिन्यात मी जाहीर केलं की दर गुरुवारी स्वयंपाक मी करणार. (तोपर्यंत मी फक्त चहा केला होता, तोही टी-बॅगचा.) सायराला गुरुवारी संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासला जायचं होतं, आणि शारजातलं घर माझ्या थोरल्या भावाचं, यूनुसभाईंचं. त्यांचा प्रश्न एकच: "मग जेवायचं काय?"

"स्टेक," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. चार मिनिटांसाठी बायकोचं शिक्षण अडणार नाही."

"आधी खाऊन बघू. मग क्लासचं."

माझं पाककृतींचं पुस्तक इंग्लंडमधलं. त्यात लिहिलं होतं, सरलॉइन घ्या, म्हणजे बीफचा कमरेजवळचा मऊ तुकडा. मी गनीच्या गोश्ताच्या दुकानात गेलो.

"साब, अपने पास अमेरिकन गोश्त की पेटी है," गनी म्हणाला. "इंग्लिश किताब का सरलॉइन इसमें स्ट्रिपलॉइन है. और इसमें जो सरलॉइन लिखा है, वो इंग्लिश लोग का रम्प, थोड़ा सख़्त."

माझं डोकं फिरलं. जनावर एकच, मग सरहद ओलांडली की नाव का बदलायचं? मी इथे आलो तेव्हा माझं बदललं का? (बदललं. व्हिसावर माझं आडनाव म्हणून आजोबांचं नाव आहे.)

"हबीबी, स्ट्रिपलॉइन ले जाओ. नरम है."

"जिस पे सरलॉइन लिखा है, वही दो. उसूल की बात है."

उसूल तव्यावर चार मिनिटं भाजला. यूनुसभाईंनी बराच वेळ चावून घास बशीत काढून ठेवला. तो घातला तसाच होता.

"चूक अमेरिकेची आहे," मी ठामपणे सांगितलं.

सायराने सगळ्याचे तुकडे केले, मसाला लावला आणि कुकरच्या सात शिट्ट्या काढल्या. भाई दोन भाकऱ्या जास्त जेवले. "पुढचा गुरुवार शेवटचा," ते मला म्हणाले. "नाही जमलं तर क्लास खलास."

मी माघार घेणाऱ्यांतला नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा गनीकडे. त्याने न विचारताच पिशवी पुढे केली.

"खिमा, साब. सब मुल्क में एक ही नाम."

इंग्रज त्याला मिन्स म्हणतात आणि अमेरिकन ग्राउंड बीफ, हे एव्हाना मला पाठ होतं. तोंड उघडलंही. पण सायराचा क्लास सहाला होता. मी पिशवी घेतली.

सायरा खिम्याची कृती चिठ्ठीवर लिहून क्लासला गेली. चिठ्ठीबरहुकूम मी कुकर लावला. जेवताना भाईंनी तीनदा खिमा वाढून घेतला.

"सायरा करून गेली ना? चवीवरूनच कळलं. असं करून जाणार असेल तर खुशाल जाऊ दे क्लासला."

हा धडधडीत अन्याय होता. श्रम आणि श्रेय या विषयावरचं भाषण माझ्या घशापर्यंत आलं.

"हो, भाई," मी म्हणालो.

तेव्हापासून दर गुरुवारी मी तत्त्वासाठी गप्प बसतो, आणि सायराच्या हातच्या खिम्याची कीर्ती आता शेजारच्या अजमानपर्यंत गेली आहे.