विणीच्या हंगामातला आमदार

लोकसेवेसाठी माणसाला घरदार सोडावे लागते, आणि घरदाराची त्याला हरकत नसावी लागते. या दुसऱ्या अटीकडे राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे दुर्लक्ष झाले आहे. अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात झालेले नाही.

आमचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, जानेवारी ते एप्रिल भरते. गाई वितात त्याही याच महिन्यांत. त्यामुळे सेजहेन खोऱ्यात ज्याला गुरांतले कळते असा रँचवाला निवडणुकीला उभाच राहू शकत नाही. उमेदवारीस पात्र उरतो तो ज्याच्यावाचून गोठ्यात अडत नाही. असा माणूस, सर्वानुमते, एकच होता. ऑर्विल टँडबर्ग.

ऑर्विलला मात्र हे कोणी सांगितले नव्हते. बिचारा कष्टाळू होता, तीच अडचण होती. गाय कण्हली रे कण्हली की हा दोरी घेऊन वासरू ओढायला हजर. आदल्या वर्षी अकरा वासरे दगावली (गुरे किती आहेत, हे विचारणे आमच्याकडे असभ्य समजतात, मेली किती, हे विचारता येते, मात्र टोपी काढून). तेव्हा शेजारचा मर्ल स्टेनरुड येऊन म्हणाला, "ऑर्विल, लेका, तुझी जागा या गोठ्यात नाही."

ऑर्विलचे डोळे भरून आले. त्याला एक्क्याण्णव टक्के मते पडली. उरलेले नऊ टक्के त्याच्या गोठ्यापासून फार लांब राहत.

राजधानीतून तो रोज बायकोला फोन करी.

"जोलीन, कुठली गाय अडलीय का गं?"

"नाही."

"ती पांढऱ्या तोंडाची कालवड?"

"व्यायली. आपली आपण."

"आणि बर्फ?"

"पडतंय की. तू तुझं जनतेचं बघ."

महिना गेला तरी एक वासरू दगावेना. ऑर्विलच्या मनाला ते फार लागले. निदान एखादे तरी आडवे यावे अशी त्याने देवाकडे प्रार्थना केली, आणि लगेच माफीही मागितली.

शेवटी त्याने विधेयक मांडले: अधिवेशन उन्हाळ्यात भरवावे, म्हणजे विणीच्या दिवसांत रँचवाला आपल्या गोठ्यात राहील. विधेयकावरच्या जाहीर सुनावणीला सेजहेन खोऱ्यातून एकवीस माणसे आली. दोनशे मैल, बर्फातून, ऐन हंगामात! आपल्या पाठिंब्यासाठी लोक एवढे हाल सोसतात हे पाहून ऑर्विल धन्य झाला.

"आमचा विरोध आहे," मर्ल म्हणाला.

"कशासाठी?" अध्यक्षांनी विचारले.

"परंपरा आहे, साहेब."

वीस जणांनी परंपरेवरच साक्ष दिली. एकविसावी जोलीन होती. तिला खोटे बोलता येत नसे.

"गेल्या साली अकरा गेली," ती म्हणाली. "यंदा एकही नाही." आणि नवऱ्याकडे न पाहता खाली बसली.

ऑर्विलने हळूच टोपी काढली.

विधेयक पडले. विरोधात मत देणाऱ्यांत ऑर्विलही होता; शेवटी तो लोकांचा प्रतिनिधी. पुढच्या खेपेला त्याला शंभर टक्के मते पडली, कारण लांब राहणाऱ्यांनाही आता सारे कळले होते.

तुम्ही हसलात, ठीक आहे. पण तुम्हालाही कधीतरी कोणी म्हणाले असेलच, 'समितीवर तुम्हीच हवे, बाहेरचं सगळं तुम्हीच बघा.' तेव्हा घरून परवानगी किती पटकन मिळाली होती, ते जरा आठवून बघा.