गुरुजींची तेरावी दुरुस्ती

शिंदे गुरुजींनी जन्मात वाइनचा थेंब चाखलेला नाही, आणि आमच्या वाइनची प्रत तेच ठरवतात. लोहाऱ्याजवळ आम्ही बारा द्राक्षबागायतदारांनी मिळून वाइनचा छोटा कारखाना काढला, तेव्हा भर सभेत हे निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "पिणाऱ्याच्या हातात परीक्षा दिली की पेपर फुटतो." आम्ही माना डोलावल्या. चूक आमचीच.

गुरुजींना एका जागी बसवत नाही. चहासुद्धा उभ्यानं पितात. सकाळी सहाला फाटक वाजलं की मी समजतो. "मनोहर, नियम बदलला." आधी प्रत गोडीवर होती, मग रंगावर, आता वासावर. बाटलीला नाक लावायचं, डोळे मिटायचे आणि लाल शाईनं लिहायचं: पहिली, दुसरी, नापास. निकाल कारखान्याच्या फळ्यावर. कुणी कुरकुरलं की ठरलेलं उत्तर, "परीक्षेत नातं न्हाय."

ते त्यांनी करून दाखवलेलं आहे. सातवीत स्वतःच्या पोराला, विलासला, दोन मार्कांनी नापास केलं आणि शाळेच्या फळ्यावर निकाल लावला. पोरगं फळा वाचून परस्पर मामाकडं गेलं, ते तिथंच वाढलं. आता परत आलंय, पण ओढ्यापलीकडं द्राक्षाचा मळा करून वेगळं राहतं. बापलेकांत बोलणं नाही.

यंदा विलासची बाटली पहिल्यांदाच परीक्षेला आली. गुरुजींनी तीनदा वास घेतला, येरझाऱ्या घालून माझं अंगण झिजवलं. वाइन आंबली होती, ते मलाही कळत होतं.

"गुरुजी, ग्रेसचे दोन मार्क द्या की."

"नापास म्हंजी नापास."

मला त्यांचा खरंच राग आला. इतक्या वर्षांनी पोरानं आपणहून काही पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटक वाजलं. नियमांच्या वहीत तेरावी दुरुस्ती होती: 'निकाल फळ्यावर लावू नये. परीक्षकाने स्वतः मळ्यात जाऊन सांगावा.' कारखान्याचा चेअरमन म्हणून माझी सही घेऊन ते ओढ्याकडं निघाले. दोनदा माघारी आले.

"मनोहर, तूबी चल की."

"नियमात परीक्षक एकटाच आहे, गुरुजी."

तिसऱ्यांदा मात्र गेले. मी दिवसभर त्या वाटेकडं बघत होतो. संध्याकाळी परतले, तेव्हा चपला ओल्या होत्या.

"काय म्हणाला विलास?"

"निकाल ऐकून घेतला. मग म्हणला, बसा."

"आणि तुम्ही?"

"बसलो," गुरुजी म्हणाले. "दिवस मावळंस्तवर बसलो."